शेवटचा टायर

हे खरं घडलंय. माझ्यासोबत. कुणाच्या मित्राच्या मावसभावासोबत नाही, माझ्यासोबत.

तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणा. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही आणि खालचा एक दात जागेवर नाही. हे काही मी झोपेत हरवलेलं नाही.

आणखी एक आधीच सांगतो. यात रात्र नाही.

भर दुपार होती. सिमेंटच्या गोडाऊनचं आवार. हमाल जेवायला गेलेले. ऊन असं, की माझी सावली माझ्याच पायाखाली लपली होती.

मी तेव्हा ट्रक शिकत होतो.

आमच्या कंपनीत नवीन माणसाच्या हातात एकदम गाडी देत नसत. आधी एका जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली राहायचं. त्याला उस्ताद म्हणायचं. तो साहेबांना सांगणार, "हा तयार झाला." मग गाडी मिळणार. तोवर उस्ताद म्हणेल ती पूर्व दिशा.

माझे पहिले उस्ताद म्हणजे काका. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. अंगाने बारीक, बोलणं कमी, खोकला जास्त. पहिल्याच दिवशी मी चुकीचा गिअर टाकला आणि गाडीनं असा काही आवाज काढला की आवारातली सगळी डोकी वळली. मी मान खाली घालून शिवीची वाट बघत बसलो.

काका म्हणाले, "तिला दुखलं. परत टाक."

बस, एवढंच.

काकांचा एक नियम मात्र होता, आणि तिथं ते कुणाचं ऐकत नसत. गाडी सुरू करण्याआधी पूर्ण फेरी मारायची. ड्रायव्हरच्या दारापासून निघायचं, पुढून वळसा घालून पलीकडे जायचं, मागून परत यायचं. हातात लाकडी दांडा. प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा आणि कान द्यायचा. हवा नीट असेल तर भरीव आवाज येतो... ढप्प. हवा कमी असेल तर नुसतं पोतं बडवल्यासारखं वाटतं. बाकीचे ड्रायव्हर लोखंडाच्या पहारीने ठोकत. काका म्हणायचे, लोखंडानं ठोकलं की लोखंडच ऐकू येतं, टायर बोलत नाही.

आणि चावी. जो फेरी मारतोय, जो गाडीखाली शिरतोय, चावी त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाच्या नाही.

"शेवटच्या टायरवर ठोका पडला की फेरी झाली," ते सांगायचे. "तोवर गाडी हलणार नाही. साहेब आला तरी नाही."

शेवटचा टायर म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा, मागचा.

काका गेले ते त्याच टायरखाली.

मी त्या दिवशी नव्हतो. ताईला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तर कंपनीच्या आवारात माती टाकून ठेवलेली आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काका गाडीखाली ब्रेक बघत होते म्हणे. त्यांच्या मागे दुसऱ्या एका ड्रायव्हरची गाडी अडकली होती. त्याला घाई होती. त्यानं ऑफिसातून काकांच्या गाडीची दुसरी चावी आणली आणि गाडी पुढे घेतली.

"म्हातारा खाली आहे हे दिसलंच नाही," तो म्हणाला. अपघात म्हणून मिटलं.

दांड्याचे दोन तुकडे झाले होते. मी माझ्या हातानं ते उचलले.

चावी काकांच्या खिशातच होती.

आणि पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला त्याच माणसाच्या हाताखाली दिलं.

त्याला पाठीमागे सगळे टॉमी म्हणायचे. तुम्हाला कुत्रा आठवला असेल, पण कुत्रं बरं हो, भाकरी टाकली की गप्प बसतं. टॉमी म्हणजे टायरचे नट सोडवायची लोखंडी पहार. ती त्याच्या हातात नाही असं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा मांडीवर.

शिकवायची त्याची पद्धत सोपी होती. गिअर चुकला की पहार बोटांवर. ब्रेक उशिरा लागला की गुडघ्यावर. आरशात बघायला विसरलो तर कानाखाली, पण ती हातानं. "कानाला पहार लावली तर ऐकू कसं येणार तुला?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

माझं बोट मोडलं तेव्हा काड्कन आवाज आला. मी ओरडलो. तो म्हणाला, "दुसरा गिअर. परत."

मी त्याच हातानं परत टाकला.

घरी ताईनं हात बघितला. आई-वडील गेल्यापासून मी तिच्याकडेच राहायचो.

"काय झालं रे?"

"दारात सापडलं."

"परवा गुडघा दारात, आज बोट दारात. ते दार आहे की कोण आहे?"

ती हळद गरम करत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "सोड ती नोकरी. मला तू धड अंगानं हवायस. गाडी नको."

खरं सांगू? सोडणारच होतो. पण राग आला. स्टिअरिंग धरायला मला काकांनी शिकवलं होतं, आणि ते मी या माणसाच्या भीतीनं सोडू? एकदा त्याच्या तोंडून "तयार झाला" एवढं निघू दे, मग त्याचं तोंडही बघणार नाही, असं मी ठरवलं.

मला इतकंच जमवायचं होतं. तोवर जिवंत राहायचं.

ती दुपार.

गोडाऊनमध्ये माल उतरवून झाला होता. गाडी रिकामी. येताना मागचं एक चाक जळल्यासारखा वास मारत होतं, ब्रेक धरून बसला होता. कुठलं चाक ते सांगायला नकोच.

टॉमी केबिनमध्ये पाय वर करून बसला होता. "जा खाली," तो म्हणाला. "ब्रेकच्या दांडीवर दोन घाल, सुटेल."

मी चाकाला लावायचा लाकडी ठोकळा काढायला गेलो.

"ठोकळा कशाला? गाडी काय पळून चाललीय?"

मी थांबलो. मग का कोण जाणे, तोंडून निघून गेलं.

"उस्ताद, चावी द्या. माझ्याकडे ठेवतो."

तो खाली उतरला. सावकाश. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हे कुणी शिकवलं?"

माझी नजर ठोकळ्याकडे गेली.

"त्या म्हाताऱ्यानं?"

पहार कधी उचलली ते दिसलं नाही. जबड्यावर बसली. मी मातीत पडलो. तोंडात काहीतरी कडक आलं, थुंकलं तर दात. मग एक लाथ पोटात. मग अजून एक. मी गाडीकडे सरपटलो, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

"शिर खाली! काम कर!"

मी शिरलो.

पडण्याआधी उघड्या दारातून एक गोष्ट पाहिली होती. चावी केबिनमध्ये लागलेली होती. तिला जुन्या ट्यूबची रबरी चकती बांधलेली होती, ती हलत होती.

गाडीखाली कधी झोपला असाल तर कळेल. तिथून जग म्हणजे नुसते पाय. कुणीही गाडीजवळ आलं की आधी पाय दिसतात. मला टॉमीचे बूट दिसले. ते केबिनकडे गेले. वर चढले.

आता चारी बाजूंना एकही पाय नव्हता. नुसतं ऊन.

मी ब्रेकची दांडी चाचपली. तोंडातलं रक्त हनुवटीवरून गळ्यात जात होतं.

वर चावी फिरली. इंजिन एकदम धडधडलं. माझं अंग लाकूड झालं. लगेच बंद.

वरून हसण्याचा आवाज.

"घाबरला काय रे!"

परत शांत झालं. बराच वेळ काही नाही.

मग...

क्लच दाबल्याचा आवाज आला. मग गिअर पडला. पहिला.

गंमत करायला कुणी गिअर टाकत नाही. इतकं तर मी शिकलो होतो. माझी मान त्या मागच्या टायरच्या पुढ्यात होती, आणि पँट वर कुठेतरी लोखंडात अडकली होती. मी ओढत होतो. निघत नव्हती.

ताई आठवली. धड अंगानं हवायस.

आणि तेवढ्यात...

ढप्प.

पुढच्या टायरवर. ड्रायव्हरच्या बाजूला.

मी मान वळवून बघितलं. पाय नव्हते.

ढप्प.

पलीकडचा पुढचा टायर. तिथंही पाय नव्हते. नुसती उन्हात चमकणारी माती. तिच्यावर एक ठसासुद्धा उमटला नाही.

आवाज लोखंडाचा नव्हता. लाकडाचा होता. ज्या दांड्याचे दोन तुकडे मी स्वतः उचलले होते, त्याचा.

ढप्प... मागे. पलीकडचं मागचं चाक.

आणि एक कोरडा खोकला.

मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून फक्त रक्ताचा बुडबुडा आला. आवाज मागून वळून माझ्या बाजूला यायला लागला होता. आता एकच टायर उरला होता. माझ्या मानेजवळचा.

तो वाजला नाही.

वर केबिनमध्ये टॉमी शिव्या द्यायला लागला. "चावी कुठंय? आत्ता होती ना! चावी कुठं गेली?" आपटाआपटी ऐकू येत होती. मग, "माझी पहार कुणी घेतली?"

माझी पँट सुटली. कशी, विचारू नका. मघाशी मी जीव खाऊन ओढत होतो तेव्हा सुटली नाही, आणि आता कुणीतरी अलगद काढून दिल्यासारखी सुटली. मी बाहेर सरपटलो.

टॉमी खाली उडी मारून आला. मला कॉलरला धरून उभं केलं आणि गाडीवर आपटलं. डोकं फळीवर लागलं. परत आपटलं.

"मस्करी करतोस? टायर ठोकतोस? चावी दे!"

"माझ्याकडे नाही उस्ताद! आईशप्पथ, मी नाही..."

त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर होते. माझे दोन्ही हात त्याच्या मनगटांवर. म्हणजे आमच्या दोघांचे चारही हात अडकलेले होते.

ढप्प.

पलीकडून.

त्याची पकड ढिली झाली. त्यानं मला सोडलं आणि वाकून गाडीखालून पलीकडे बघितलं. पाय शोधत होता. मला माहीत होतं, नाहीत.

"कोण आहे रे?"

खोकला आला. आता अगदी जवळून.

मी त्या माणसाचा चेहरा रागानं लाल झालेला शेकडो वेळा पाहिला होता. पांढरा पडलेला पहिल्यांदा पाहिला. पण त्याची नजर खाली कशावर तरी थांबली. गाडीखाली, बरोबर मधोमध, त्याची पहार पडलेली होती. मघाशी मी तिथंच होतो. तिथं काही नव्हतं.

पहार दिसल्यावर त्याला धीर आला असावा. ती हातात आली की तो कुणालाच भीत नसे. तो पोटावर आडवा झाला आणि मागच्या चाकाच्या पुढून आत हात घातला. पोचला नाही. खांदा घातला. मग डोकं.

मी ओरडलो. मला मारणारा माणूस होता, पण ओरडलो. "उस्ताद, नका जाऊ!"

गाडी हलली.

आवाज नाही. इंजिन नाही, धूर नाही. नुसतं ते मोठं धूड गप्पपणे पुढे आलं, चाक फिरलं, आणि जो आवाज आला तो माझ्या बोटाच्या आवाजासारखाच होता, फक्त मोठा. आणि एकामागोमाग एक. थांबायला तयार नाही.

मग त्याची किंकाळी.

गाडी तिथंच थांबली. त्याच्या अंगावर.

"काढ!" तो ओरडत होता. "त्याला उतरव! चावी काढ! काढ रे!"

मी केबिनमध्ये चढलो. आत कुणी नव्हतं. सीट रिकामी. चावीच्या जागी नुसतं भोक. मी खाली उतरून त्याला सांगितलं, आत कुणी नाही उस्ताद, कुणीच नाही... आणि पाय पकडून ओढायला लागलो. त्याची अर्धी छाती चाकाखाली होती. ओढल्यावर काय झालं ते मी लिहिणार नाही. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, एवढं पुरे.

तो गप्प झाला तेव्हा...

ढप्प.

शेवटचा टायर.

फेरी झाली.

हमाल धावत आले. पोलीस आले. एका हवालदारानं माझी झडती घेतली आणि माझ्या शर्टाच्या खिशातून चावी बाहेर काढली. रबरी चकतीसकट.

"ही तुझ्याकडे कशी?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

मला त्यांनी बाजूला बसवून ठेवलं. त्यांनी आमच्या कंपनीच्या फिटरला बोलावलं. हा आमच्या गाड्या दुरुस्त करणारा, तीस वर्षं कंपनीच्याच आवारात. त्यानं गाडी तपासली. जमीन सपाट. गाडी पहिल्या गिअरमध्ये. मागचा ब्रेक अजून तसाच धरून बसलेला.

"ही गाडी ढकलायला दहा माणसं लावली तरी हलणार नाही," तो पोलिसांना म्हणाला. त्यांनी मान हलवली, अपघात लिहून टाकलं आणि मला सोडलं.

मग फिटर मला नळावर घेऊन गेला. माझे हात धुतले. धुता धुता हळूच बोलला.

"काका गेले त्या दिवशी मी शेडमध्ये होतो."

मी नळाखालचे हात मागे घेतले.

"आदल्या दिवशी काकांनी साहेबांना सांगितलं होतं, याच्या हाताखाली पोरं देऊ नका, हा मारतो. याला ते कळलं." त्यानं नळ बंद केला. "गाडी सुरू करायच्या आधी त्यानं खाली वाकून बघितलं होतं. नीट बघितलं. काकांशी नजरानजर झाली असेल. मग वर चढला."

"तुम्ही बोलला का नाही?"

"पोरं आहेत रे मला."

मला त्याचा राग आला. खूप आला. आजही येतो. पण तो आपल्या फडक्यानं माझे हात पुसत होता.

ताईनं मला त्या दिवशी दारात धरलं आणि सोडेचना. माझ्या कपड्यांचा वास येत होता तरी सोडेना.

या गोष्टीला वर्षं झाली. मी गाडी सोडली नाही. काकांसारखा दांडा करून घेतला, लाकडी. रोज फेरी मारतो, चावी खिशात ठेवतो, आणि शेवटच्या टायरवर ठोका दिला की तोंडातल्या तोंडात म्हणतो, "झाली फेरी, काका." तो आवाज मला परत कधी आला नव्हता. मला वाटायचं, ते शांत झाले. माझ्यावर माया होती म्हणून आले आणि गेले.

आता मीच उस्ताद आहे. माझ्या हाताखाली एक नवीन माणूस दिलाय. चांगला आहे, पण धांदरट. आरशात बघायचं नाव नाही.

आज सकाळी त्यानं गाडी मागे घेताना गोडाऊनच्या खांबावर घातली. आरसा फुटला, पत्रा फाटला. चौथ्यांदा. मी शांतपणे म्हटलं, "बंद कर, उतर." चावी घेऊन खिशात टाकली. गाडीला टेकून उभा राहिलो. तो समोर येऊन दात काढत म्हणाला, "थोडक्यात वाचली की उस्ताद!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक ठेवून द्यावी असं मनात आलं. बोटांवरच. म्हणजे लक्षात राहील.

मनातच आलं. हात तर खिशात होता.

आणि...

ढप्प.

पुढच्या टायरवर. तिथं कुणीच नव्हतं.

ढप्प. पलीकडे.

माझा दांडा सीटमागे होता. मला दिसत होता.

ढप्प. मागे...

मग कोरडा खोकला.

खिशातल्या हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बोटं चाचपली. खिसा रिकामा होता.

तो पोरगा स्वतःच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होता. त्यानं दोन बोटांनी चावी बाहेर काढली.

"उस्ताद... ही माझ्याकडे कशी?"

मी कशाला टेकून उभा आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हरच्या बाजूचं, मागचं चाक.

मी कसा बाजूला झालो ते आठवत नाही. कोपर सोलवटलंय, म्हणजे पडलो असणार. त्या पोराला घरी पाठवून दिलं. चावी त्याच्याकडेच राहू दिली, मागायची हिंमत झाली नाही.

आता संध्याकाळ झालीय. साहेबांचे फोन येतायत, गाडी का अडवून ठेवलीय म्हणून. मी गेटबाहेर बसून हे लिहितोय. इथून गाडी दिसते. कुणीतरी जाऊन त्या टायरवर एक ठोका द्यायला हवा, म्हणजे फेरी संपेल.

शेवटचा टायर अजून वाजलेला नाही.